भौतिकशास्त्राची पदवी आणि पगारी वर्क टर्म: वॉटरलूच्या को-ऑप अभ्यासक्रमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोपासून सुमारे 110 किलोमीटरवर असलेल्या वॉटरलू विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी दोन प्रकारे घेता येते: नेहमीच्या पद्धतीने, किंवा अभ्यासाच्या सत्रांमध्ये पगारी कामाची सत्रे गुंफून. या दुसऱ्या प्रकाराला को-ऑप म्हणतात. बारावी विज्ञान झालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शेवटच्या भागात ब्रिटनमधील आणि महाराष्ट्रातील पर्यायांविषयीही लिहिले आहे, कारण बहुसंख्य विद्यार्थ्यांना परदेशी जाणे शक्य नसते आणि त्यांनाही या विषयाची तितकीच गरज आहे.

को-ऑप म्हणजे नेमके काय?

विद्यार्थ्याने काही महिने वर्गात शिकावे, काही महिने आपल्या विषयाशी संबंधित पूर्ण वेळची नोकरी करावी, पुन्हा वर्गात यावे, आणि हे सर्व पदवीचाच भाग म्हणून मोजले जावे, अशी ही रचना आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली. वॉटरलूमध्ये 1957 साली 74 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली, तीच मुळी को-ऑपची होती. त्यामुळे तेथे ही योजना नंतर जोडलेली सोय नाही. वेळापत्रक, वसतिगृह, परीक्षा, प्राध्यापकांचे अध्यापन या सर्वांची आखणी तिला धरूनच केलेली असते.

वर्षाची आखणी कशी असते?

वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग असतात: सप्टेंबर ते डिसेंबर, जानेवारी ते एप्रिल आणि मे ते ऑगस्ट. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी साधारणपणे सुरुवातीची सत्रे सलग शिकतो आणि दुसऱ्या वर्षापासून अभ्यासाची व कामाची सत्रे आलटून पालटून येऊ लागतात. मधे दीर्घ सुट्टी जवळजवळ राहत नाही. चार वर्षांची पदवी अशा रीतीने सुमारे पावणेपाच वर्षांची होते.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने या 'सुट्टी नाही' या गोष्टीचा आधीच विचार करावा. दिवाळीला घरी येणे तर शक्य नसतेच, पण उन्हाळ्यात दोन महिने घरी राहण्याचा बेतही बहुतेक वर्षी जमत नाही. सत्र संपल्यावर एक-दोन आठवडे मिळतात आणि त्याच दिवसांत पुष्कळदा गाव बदलून नवी खोली शोधावी लागते.

साधी इंटर्नशिप केली तर चालणार नाही का? फरक काय?

इंटर्नशिप विद्यार्थी स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या जबाबदारीवर करतो आणि ती झाली नाही तरी पदवी मिळते. को-ऑपमध्ये ठरलेल्या संख्येने वर्क टर्म (पगारी कामाची सत्रे) पूर्ण झाल्याखेरीज को-ऑपची पदवी मिळत नाही. प्रत्येक टर्मच्या शेवटी वरिष्ठ अधिकारी विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतात, विद्यार्थ्याला कामाचे अहवाल लिहावे लागतात आणि व्यावसायिक कौशल्यांचे छोटे ऑनलाइन अभ्यासक्रमही नोकरी सांभाळून पूर्ण करावे लागतात.

माझ्या मते खरा फरक पुनरावृत्तीत आहे. एका उन्हाळ्यातली एक इंटर्नशिप बरी गेली किंवा वाईट गेली, तर त्यावरून विद्यार्थी संपूर्ण क्षेत्राविषयी मत बनवून बसतो. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी काम केलेल्या विद्यार्थ्याचे मत अधिक खरे असते. आपल्याला प्रयोगशाळा मानवत नाही, किंवा आपल्याला संगणकापेक्षा उपकरणांत अधिक गोडी आहे, हे त्याला विशीतच कळते. ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

विद्यापीठ नोकरी मिळवून देते का? हमी असते का?

हमी नसते, आणि हे पालकांनी नीट समजून घ्यावे. विद्यापीठ जाहिराती एकत्र आणते, बायोडेटा लिहायला शिकवते, मुलाखतींची सोय करते, पण निवड कंपनी किंवा प्रयोगशाळाच करते. अर्ज वॉटरलूवर्क्स या विद्यापीठाच्या प्रणालीतून भरायचे असतात. मुलाखती झाल्या की कंपन्या आपल्या पसंतीचा क्रम लावतात, विद्यार्थीही आपला क्रम लावतात, आणि दोन्ही क्रम जुळवून कोणाला कोठे काम मिळाले ते जाहीर होते. जे उरतात त्यांच्यासाठी पुढच्या फेऱ्या असतात. विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली नोकरीही विद्यापीठाची मान्यता घेऊन चालते.

पहिली वर्क टर्म मिळवणे सर्वांत कठीण असते. हातात अनुभव नसतो, गुणपत्रिकेवर दोन-तीन सत्रांचेच गुण असतात, आणि संगणकशास्त्र व अभियांत्रिकीचे विद्यार्थीही त्याच जाहिरातींना अर्ज करत असतात. पन्नास अर्ज करून दोन मुलाखती येणे ही त्या टप्प्यावर नामुष्कीची गोष्ट नाही. पहिली नोकरी भौतिकशास्त्राची नसली, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणे, माहितीच्या तक्त्यांची साफसफाई करणे किंवा एखाद्या कार्यालयातील तांत्रिक मदत अशी असली, तरी ती घ्यावी. वेळेवर येणारा, सांगितलेले नीट ऐकणारा आणि काम अर्धवट न टाकणारा माणूस अशी शिफारस तिथून मिळते, आणि दुसऱ्या टर्मला तीच उपयोगी पडते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुलाखतीत काय विचारतात?

पाठ्यपुस्तकातील व्युत्पत्ती फार कमी वेळा विचारतात. बहुतेक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या कामाभोवती फिरतात. "तुम्ही हा लोलकाचा प्रयोग केला असे लिहिले आहे, तर तुमच्या उत्तरातील अनिश्चितता किती होती आणि तिचा सर्वांत मोठा भाग कोठून आला?" या एका प्रश्नावर पुष्कळ मुले अडखळतात. आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिकात g चे मूल्य 9.8 च्या जवळ आणण्याची सवय लागलेली असते आणि जर्नलमध्ये उत्तर 'बरोबर' आले की काम संपते. तिथे उत्तर 9.6 आले तरी हरकत नसते, पण ते 9.6 का आले, लांबी मोजताना किती चूक होऊ शकते, वेळ मोजताना हाताच्या प्रतिक्रियेचा परिणाम किती, एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलने का मोजली, हे सांगता यावे लागते.

दुसरा नेहमीचा विषय प्रोग्रामिंगचा. पायथॉनमध्ये फाइल वाचणे, आलेख काढणे, मोजमापांतून सरळ रेषा बसवणे एवढे ज्याला सफाईने जमते, त्याला पहिल्या दोन टर्मसाठी पुरेशी तयारी आहे असे समजावे. जे येत नाही ते येत नाही असे स्पष्ट सांगावे, कारण चार महिन्यांच्या नोकरीत खोटेपणा पहिल्या आठवड्यातच उघडा पडतो.

प्रत्यक्षात कामे कोणती मिळतात?

यादी लांब आहे आणि ती वर्षागणिक बदलते, म्हणून काही ठिकाणांचाच उल्लेख करतो. व्हँकूव्हरमधील ट्रायम्फ ही कॅनडाची कणभौतिकीची प्रयोगशाळा असून तेथील सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारे यंत्र) प्रोटॉनना 520 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतो. सडबरीजवळच्या खाणीत दोन किलोमीटर खोलवर स्नोलॅब आहे. तेथे रोज सकाळी खाणकामगारांबरोबर पिंजऱ्यातून खाली उतरायचे, बोगद्यातून चालत जायचे आणि धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून आंघोळ करून, कपडे बदलूनच प्रयोगशाळेत शिरायचे असते. त्याच खाणीत न्यूट्रिनोंवर (पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांवर) झालेल्या आधीच्या प्रयोगासाठी आर्थर मॅकडोनाल्ड यांना 2015 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जमिनीखाली खोल जाऊन न्यूट्रिनो शोधण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद केली होती.

सॅस्काटूनमधील कॅनेडियन लाइट सोर्स, राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि चॉक रिव्हर येथील अणुप्रयोगशाळाही को-ऑपचे विद्यार्थी घेतात. तुर्भ्याची सायरस ही संशोधन अणुभट्टी चॉक रिव्हरच्याच एनआरएक्स या भट्टीच्या धर्तीवर कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि 1960 ते 2010 अशी चालली, म्हणून मुंबईकरांना हे नाव जवळचे वाटावे. मात्र अशा ठिकाणी सुरक्षा-तपासणी पार करावी लागते आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत कॅनडाचे नागरिक व कायम निवासी यांना प्राधान्य असते. भारतीय विद्यार्थ्याने सर्व भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

त्या मानाने विद्यापीठांतील संशोधन गट, खासगी कंपन्या आणि रुग्णालये अधिक खुली असतात. कॅमेऱ्याचे संवेदक बनवणाऱ्या किंवा प्रक्षेपणयंत्रे बनवणाऱ्या कंपन्या वॉटरलू-किचनर परिसरातच आहेत. वॉटरलूमध्येच 2002 साली स्थापन झालेली क्वांटम संगणनाची संस्था आहे. भौतिकशास्त्र विभागात डॉना स्ट्रिकलंड शिकवतात. लेझरचा अतिलघु स्पंद ताणून, वर्धन करून पुन्हा आखडण्याची जी पद्धत त्यांनी जेरार मूरू यांच्याबरोबर 1985 मध्ये मांडली, तिच्यासाठी त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा प्रयोगशाळांतून विद्यार्थ्यांना हाताखाली घेतले जाते.

प्रयोगशाळेतील वर्क टर्ममध्ये दिवसभर काय करायचे असते?

निर्वात कक्षाचे, म्हणजे आतली हवा पंपाने काढून टाकलेल्या बंद भांड्याचे, उदाहरण घेतो. पंप चालू आहे, पण दाब एका आकड्याच्या खाली उतरत नाही. याचा अर्थ बहुधा कोठेतरी गळती आहे. विद्यार्थ्याच्या हाती हेलियमची बारीक नळी देतात आणि कक्षाला हेलियम ओळखणारे यंत्र जोडतात. प्रत्येक जोडावर हेलियमचा हलका झोत सोडायचा आणि यंत्राचा आकडा उसळतो का ते पाहायचे. झोत नेहमी वरच्या जोडापासून सुरू करून खाली यायचे, कारण हेलियम हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि खालून सुरुवात केली तर वरच्या जोडातील गळती खालच्या जोडाच्या नावावर जमा होते. गळती सापडली की तो जोड उघडायचा, जोड हवाबंद ठेवणारे तांब्याचे कडे, म्हणजे गॅस्केट, फेकून नवे घालायचे (जोडाच्या धारदार कडेखाली एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत), हातमोजे घालूनच सर्व हाताळायचे, कारण बोटांचा तेलकटपणाही निर्वातात वायू सोडत राहतो, आणि बोल्ट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे असे फिरत फिरत आवळायचे.

यात क्वांटम मेकॅनिक्सचे एकही समीकरण नाही, आणि तरीही हे पूर्ण भौतिकशास्त्र आहे. वायूंचा गत्यात्मक सिद्धांत परीक्षेपुरता पाठ केलेल्या मुलाला हेलियमच्या अणूचे वस्तुमान चार असण्याचा अर्थ त्या दिवशी हाताला कळतो. मग नोंदवहीत तारीख, वेळ, कोणता जोड, आधीचा व नंतरचा दाब हे लिहायचे. पुढच्या टर्मला येणारा विद्यार्थी त्या नोंदवहीवरच चालणार असतो, म्हणून 'दाब सुधारला' असे मोघम लिहून भागत नाही.

रुग्णालयातील वैद्यकीय भौतिकीच्या विभागात दिवसाचे रूप वेगळे असते. किरणोपचाराच्या यंत्रातून रुग्णावर किरण सोडण्याआधी मात्रा ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही, याची तपासणी रोज सकाळी करावी लागते. विद्यार्थी ती स्वतःच्या सहीने करत नाही, पण अनुभवी भौतिकतज्ज्ञाबरोबर उभा राहतो, आकड्यांचा कल तपासतो, त्यासाठी प्रोग्राम लिहितो. या क्षेत्राची आवड निर्माण झालेल्या विद्यार्थ्याला भारतात परत येऊनही वाट आहे. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका करून रुग्णालयांत काम करता येते.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रच करायचे असेल तर को-ऑप कशाला?

ज्याचे मन पूर्णपणे गणितात आणि सिद्धांतात आहे, त्याने नेहमीची पदवी घेतली तरी काही बिघडत नाही. वॉटरलूच्या गावातच पेरिमीटर ही सैद्धांतिक भौतिकीची संस्था 1999 पासून आहे आणि अशा विद्यार्थ्याला तिथली व्याख्याने अधिक मोलाची वाटतील. पण 'मला सिद्धांतच आवडतो' असे म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांनी दुसरे काही पाहिलेलेच नसते. आपल्याकडे प्रयोगशाळा म्हणजे ठरलेला प्रयोग, ठरलेले उत्तर आणि जर्नलवरची सही एवढाच अनुभव मिळतो. त्यावरून प्रयोगाची नावड ठरवणे घाईचे आहे. शिवाय संशोधन गटात सिम्युलेशन लिहिण्याची वर्क टर्म ही सिद्धांताकडे जाणाऱ्यालाही उपकारक असते, आणि पीएच.डी.साठी शिफारसपत्र देणारा माणूस तिथूनच मिळतो.

पगारातून फी निघते का?

कॅनडाच्या नागरिकाची बरीचशी निघू शकते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची निघत नाही. हे स्पष्ट सांगण्याचे कारण असे की, 'तिथे मुले कमावून शिकतात' एवढ्या ऐकीव आधारावर शेत किंवा घर तारण ठेवून कर्ज काढणारी कुटुंबे आहेत.

हिशेब करून पाहावा. ताशी 20 कॅनेडियन डॉलर, आठवड्याला 35 तास, सोळा आठवडे असे धरले तर एका वर्क टर्मचे 11,200 डॉलर होतात. त्यातून कर आणि इतर वजावट जाते. नोकरीच्या गावातले चार महिन्यांचे घरभाडे, जेवण, प्रवास वजा केला की हातात जे राहते ते पुढच्या अभ्यास-सत्राच्या राहण्या-जेवणाला बऱ्यापैकी हातभार लावते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची विज्ञान शाखेची वार्षिक फी मात्र 40 हजार डॉलरच्या पुढे असते. वरच्या वर्षांत पगार वाढतो, पण दरी भरून निघत नाही. वर्क टर्ममध्ये शिक्षणशुल्क नसते ही जमेची बाजू आहे. को-ऑपचे वेगळे शुल्क अभ्यासाच्या सत्रांत भरावे लागते, तेही खर्चात धरावे.

म्हणून कुटुंबाने अंदाजपत्रक असे बनवावे की, वर्क टर्ममधून एक पैसाही आला नाही तरी पदवी पूर्ण होईल. ते बसत नसेल तर हा मार्ग घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. पगारावर सर्व गणित टांगलेले असले की विद्यार्थी शिकवणारी नोकरी सोडून दोन डॉलर जास्त देणारी नोकरी घेतो, आणि मग को-ऑपचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

मधे मधे काम केल्याने अभ्यासाची लय तुटत नाही का?

तुटते, आणि भौतिकशास्त्रात ती इतर विषयांपेक्षा अधिक तुटते. इतिहासाचा एखादा अभ्यासक्रम आठ महिन्यांनी दुसऱ्या टोकाने उचलता येतो. क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा अभ्यासक्रम पहिल्यावर उभा असतो, पहिला रेषीय बीजगणितावर आणि अवकल समीकरणांवर उभा असतो, आणि मधल्या चार महिन्यांत विद्यार्थ्याने फक्त कॅमेऱ्याच्या संवेदकांची चाचणी घेतलेली असते. परत आल्यावर पहिले तीन आठवडे फळ्यावरचे सर्व ओळखीचे वाटते आणि स्वतःला काहीच सोडवता येत नाही, अशी अवस्था होते.

यावर उपाय आहे, पण तो नोकरी सुरू होण्याआधी ठरवावा लागतो. संपलेल्या सत्राच्या वह्या व गृहपाठ सोबत न्यावेत. पुढील सत्राचे विषय माहीत असतातच, तेव्हा त्यांना जे गणित लागणार आहे तेवढेच निवडून आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रत्यक्ष उदाहरणे सोडवावीत. वाचन पुरेसे नाही, हातातून उतरले पाहिजे. नोकरीवर आठ तास काम करून आल्यावर रोज अभ्यास करण्याचा संकल्प दुसऱ्याच आठवड्यात मोडतो, म्हणून दोनच संध्याकाळी, पण त्या चुकवायच्या नाहीत.

याची दुसरी बाजूही खरी आहे. फूरिये रूपांतर (संकेतात कोणकोणत्या वारंवारता आहेत ते शोधण्याचे गणित) वर्गात कंटाळवाणे वाटलेल्या विद्यार्थ्याने जर वर्क टर्ममध्ये संवेदकाच्या संकेतातून विजेच्या पुरवठ्याचा 60 हर्ट्झचा गोंगाट शोधून काढला असेल, तर पुढच्या सत्रात तो त्या प्रकरणाकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याचे प्रश्न बदलतात. को-ऑपचे विद्यार्थी वर्गात 'हे परीक्षेला आहे का' यापेक्षा 'हे मोजायचे कसे' असे विचारू लागतात, आणि शिकवणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे असते?

भारतीय विद्यार्थ्याला कामाची परवानगी कशी मिळते?

शिकण्याचा परवाना आणि काम करण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला 24 तासांपर्यंत काम करण्याची मुभा नोव्हेंबर 2024 पासून आहे. को-ऑपच्या पूर्ण वेळच्या कामासाठी मात्र वेगळी को-ऑप वर्क परमिट घ्यावी लागत आली आहे, आणि त्यासाठी काम हा पदवीचा अनिवार्य भाग असल्याचे विद्यापीठाचे पत्र लागते. कामाचा वाटा संपूर्ण अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून अधिक नसावा, अशीही अट आहे. गेल्या काही वर्षांत कॅनडाने विद्यार्थ्यांचे नियम वारंवार बदलले आहेत, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेला नियम कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावा. एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

परवान्यासाठी दाखवावयाचा राहणीमानाचा निधी एका व्यक्तीसाठी सप्टेंबर 2025 पासून 22,895 डॉलर आहे, आणि तो पहिल्या वर्षाच्या फीव्यतिरिक्त आहे.

वर्क टर्मचा अनुभव कायम निवासासाठी मोजतात का?

पूर्ण वेळ विद्यार्थी असताना केलेले काम, को-ऑपचे धरून, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लाससाठी (कॅनडातील कामाच्या अनुभवावर कायम निवास देणाऱ्या योजनेसाठी) मोजले जात नाही. पदवीनंतर जास्तीत जास्त तीन वर्षांची कामाची परवानगी मिळू शकते, आणि त्या काळातले काम मोजले जाते. पण तेव्हा नोकरी मिळवण्यास आधीच्या वर्क टर्म नक्कीच उपयोगी पडतात.

पगार, कर आणि कागदपत्रांचे काय?

कामाच्या पहिल्या दिवसाआधी सोशल इन्शुरन्स नंबर (पगार व करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढावा. तो नसेल तर पगार देण्यात अडचण येते. पगारातून आयकर, पेन्शन योजना आणि रोजगार विमा यांची वजावट होते. वर्ष संपल्यावर कंपनी टी-4 नावाचा कागद देते आणि 30 एप्रिलपर्यंत विवरणपत्र भरावे लागते. फीबद्दल मिळणाऱ्या सवलतीमुळे विद्यार्थ्यांना पुष्कळदा कापलेला कर परत मिळतो, म्हणून उत्पन्न थोडे असले तरी विवरणपत्र भरणे चुकवू नये.

नोकरीच्या ठिकाणी अन्याय झाला किंवा काम धोक्याचे वाटले तर?

येथे एक बारीक गोष्ट माहीत असावी. ऑन्टारियोचा रोजगार-मानक कायदा, ज्यात किमान वेतन वगैरे येते, विद्यापीठाने मान्य केलेल्या कार्यक्रमाखाली विद्यार्थ्याने केलेल्या कामाला लागू होत नाही. म्हणून पगार, तास आणि मुदत ही करारपत्रात स्पष्ट लिहिलेली आहे की नाही, हे सही करण्याआधी पाहावे. आरोग्य व सुरक्षिततेचा कायदा मात्र को-ऑपच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे, आणि असुरक्षित काम नाकारण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. लेझर, उच्च दाबाची वीज, द्रवरूप नायट्रोजन किंवा किरणोत्सारी स्रोत यांच्याजवळ प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणी काम करायला सांगत असेल, तर 'आधी प्रशिक्षण द्या' असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. आपली मुले वरिष्ठांना प्रश्न विचारायला संकोचतात, पण लेझरच्या बाबतीत हा संकोच डोळ्यावर बेतू शकतो. तक्रार विद्यापीठाच्या को-ऑप सल्लागाराकडे लगेच, लेखी करावी. टर्म संपेपर्यंत थांबू नये.

ब्रिटनमध्ये अशी सोय आहे का?

आहे, पण घडण वेगळी आहे. तेथे चार-चार महिन्यांचे तुकडे न करता सलग एक वर्ष बाहेर काम करतात. त्याला सँडविच पदवी म्हणतात. बाथ आणि सरे या विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना असे वर्ष घेता येते. सलग वर्षभरात एखादा प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेता येतो, जे चार महिन्यांत क्वचितच साधते. उलट, निवड चुकली तर वर्षभर तिथेच काढावे लागते. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या एक वर्षापर्यंतच्या कामाला तेथे राष्ट्रीय किमान वेतनाचा नियम लागू होत नाही, म्हणून पगाराची रक्कम आधी विचारावी.

महाराष्ट्रात राहून असे काही करता येते का?

वॉटरलूसारखी जुळणी आपल्याकडे नाही. पण 'कमवा आणि शिका' ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकणाऱ्या मुलांची पिढी उभी केली. पुण्याच्या विद्यापीठात त्याच नावाची योजना आजही चालते. तिने असंख्य गरजू मुलांचे शिक्षण वाचवले आहे. मात्र तेथील काम बहुधा ग्रंथालयातले, कार्यालयातले किंवा बागेतले असते; विद्यार्थ्याच्या विषयाशी त्याचा संबंध जोडलेला नसतो. तो संबंध जोडणे हीच आता खरी गरज आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. कागदावर ही चांगली संधी आहे. व्यवहारात, जवळच्या एखाद्या कोचिंग वर्गाचे किंवा ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून ते श्रेयांक मिळवण्याकडे कल दिसतो, याचे वाईट वाटते. तेच तास एखाद्या कारखान्याच्या दर्जा-नियंत्रण विभागात, मापन-उपकरणांचे अंशांकन करणाऱ्या (ती बरोबर मोजतात की नाही हे प्रमाणाशी ताडून पाहणाऱ्या) प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात घालवता येतात. चाकण, पिंपरी-चिंचवड, बुटीबोरी, सातपूर अशा औद्योगिक भागांत अंशांकनाच्या प्रयोगशाळा आहेत आणि तिथे व्हर्निअरपासून दाबमापकापर्यंत सर्व हाताखालून जाते. आधी पत्र पाठवून, मग प्रत्यक्ष जाऊन, काय काम करणार ते एका पानावर लिहून दिले तर होकार मिळण्याची शक्यता वाढते.

पगारी शिकाऊ उमेदवारीसाठी 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील राष्ट्रीय योजना आहे आणि तिच्यात पदवीधरांना दरमहा विद्यावेतन मिळते. पदवीतच शिकाऊ उमेदवारी गुंफणारे अभ्यासक्रम सुरू करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने परवानगी दिलेली आहे, पण शुद्ध भौतिकशास्त्राच्या विभागांनी तिचा लाभ घ्यायला हवा तेवढा घेतलेला नाही. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि विज्ञान अकादमी यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत. त्यांत विद्यावेतन असते आणि काम अस्सल असते. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. त्या दुर्बिणीच्या नोंदींवर पदवीच्या विद्यार्थ्यालाही काम करता येते, हे जुन्नर तालुक्यातल्याच अनेक मुलांना ठाऊक नसते.

बारावीत असताना कोणती तयारी करावी?

प्रवेशपरीक्षेच्या तयारीतून वेळ काढून तीन गोष्टी कराव्यात. पायथॉन शिकावे, आणि ते स्वतः घेतलेल्या मोजमापांवर वापरावे: गार होत जाणाऱ्या पाण्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवून त्याचा आलेख काढला तरी चालेल. इंग्रजीत एक पान सरळ, नेमके, स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव करावा, कारण अहवाल आणि अर्ज त्याच भाषेत जाणार आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने उच्चारांची चिंता सोडून याच सरावावर भर द्यावा. आणि प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आलेले वाचन जसेच्या तसे लिहावे, खोडून 'सुधारू' नये. वॉटरलूच्या अर्जात नेहमीची पदवी की को-ऑप हे सुरुवातीलाच निवडावे लागते. को-ऑप निवडून पुढे ते सोडता येते, मात्र नंतर को-ऑपमध्ये शिरणे अवघड असते, म्हणून मन द्विधा असेल तर अर्जात को-ऑपच लिहावे.